फागण्यापर्यंत

कंडक्टरला आपला ड्रायव्हर पाठीमागूनच जास्त माहीत असतो. धुळे-भुसावळ गाडीवर मी गावितबरोबर अकरा वर्षं काढली. आजही त्याची आठवण काढली की चेहरा आधी येत नाही, मान येते. काळी, रुंद मान आणि खाकी कॉलरवर चौघडी करून ठेवलेला पांढरा रुमाल. उन्हाळ्यात पारोळा येईपर्यंत तो रुमाल भिजायचा. एरंडोलला गाडी थांबली की खाली उतरून पिळायचा आणि पुन्हा तशीच घडी घालून मानेवर ठेवायचा.

दानिएल गावित नवापूरकडचा. शाळा मिशनच्या बोर्डिंगात झालेली, त्यामुळे त्याची मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ होती. गाडी सुरू करण्याआधी तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून जरा वेळ डोळे मिटायचा. एकदा एका बाईनं घाबरून मला विचारलं, “भाऊ, हा जागा आहे ना?” मी म्हटलं, “प्रार्थना करतोय.” तर ती आणखी घाबरली.

वेळेच्या बाबतीत मात्र कडक. मी डबल बेल दिली की गाडी हललीच. मागून कोणी पळत येत असलं तरी म्हणायचा, “आत बसलेल्या चाळीस जणांनी काय घोडं मारलंय?” असा माणूस एका सकाळी नशिराबादजवळच्या आमच्याच गावच्या फाट्यावर गाडी हलवीना. मी दोरी ओढली, पुन्हा ओढली. शेवटी पुढे जाऊन विचारलं, “काय झालं?” तो आरशात बघत म्हणाला, “गिअर अडकलाय.” तेवढ्यात आमच्या आळीतल्या सुभद्राआक्कांची निर्मला वह्या छातीशी धरून पळत आली आणि चढली. गिअर सुटला.

निर्मला तेव्हा जळगावला डी.एड. करत होती. पुढे दोन वर्षं तो गिअर आठवड्यातून दोन-तीनदा अडकत राहिला. मला कळत होतं. मी कोणाकडे बोललो नाही, एवढंच माझं पुण्य. शिक्षण झाल्यावर तिला धुळ्याला, देवपूरच्या एका शाळेत नोकरी लागली आणि सहा महिन्यांत दोघांनी तिथल्या चर्चमध्ये लग्न केलं.

सुभद्राआक्कांचं घर म्हणजे गावातलं वजनदार घर. नवरा लवकर गेलेला. निर्मला आणि धाकटा मधुकर, अशी दोन पोरं वाढवत बाईनं केळीची बाग एकटीनं सांभाळलेली. पाटाला पाणी आलं की पदर खोचून स्वतः बांधावर उभी. पोरीनं ख्रिस्ती ड्रायव्हरशी, त्यातून आदिवासी माणसाशी लग्न केलं हे कळलं तेव्हा आक्का रडल्या नाहीत. त्यांनी भटजी बोलावला आणि जिवंत पोरीचं तेरावं घातलं. अख्खं गाव जेवलं. मीही जेवलो. आळीतलं जेवण, न जाऊन कसं चालेल, असं तेव्हा वाटलं होतं. आता कारण काहीही दिलं तरी त्या पंगतीत मी होतो, हे काही पुसलं जात नाही.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गावितला ते कळलेलं होतं. डेपोत अशा बातम्या गाडीच्या आधी पोचतात. मी तिकिटांची पेटी घेऊन चढलो तसा तो मागे न बघता म्हणाला, “जेवलास काल?”

“हो,” मी म्हटलं.

“गोड काय होतं?”

मी पेटी सीटवर ठेवली. “बुंदी.”

“निर्मलाला आवडते बुंदी,” तो म्हणाला आणि गाडी सुरू केली. त्या दिवशी भुसावळपर्यंत मला त्याच्या मानेकडेही बघवलं नाही. पण तो त्या दिवशीही माझ्यासाठी भाकरी घेऊन आला होता. रोज आणायचा तशीच.

निर्मला दर दिवाळीत माहेरी यायची, म्हणजे फाटकापर्यंत. आक्का ओट्यावर असल्या तर उठून आत जायच्या. निर्मला फाटकाच्या दगडावर फराळाचा डबा ठेवायची आणि माघारी फिरायची. गावित फाट्यावर थांबलेला असायचा. एकदा मी चिडून म्हटलं, “कशाला आणतोस तिला दरवर्षी अपमान करून घ्यायला?”

“मी कुठे आणतो? ती येते. मी सोबत असतो.”

त्यांना मूलबाळ झालं नाही. बावीस-तेवीस वर्षं संसार झाला. गावितच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना काविळीचं निमित्त झालं आणि दोन महिन्यांत निर्मला गेली. तिकडे आक्कांचं डोकं तोवर विसरायला लागलं होतं. मधुकरनं बाग विकून जळगावला फ्लॅट घेतला होता. आक्का त्या फ्लॅटमधून दोनदा हायवेवर निघून गेल्या. दोघं नवरा-बायको नोकरीवर, घरात कोणी नाही. त्यानं त्यांना जळगावच्या बाहेर एका वृद्धाश्रमात ठेवलं. मी त्याला दोष देत नाही. माझ्या घरी असं झालं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर गावित महिन्यातून एकदा धुळ्याहून आक्कांना बघायला जायला लागला. निर्मला दर दिवाळीला फाटकापर्यंत जायची, म्हणून. आक्कांना तो कोण ते ठाऊक नव्हतं. तो बिस्किटं द्यायचा, त्या खायच्या. असं पाच-सहा महिने चाललं. मग एक दिवस दुपारी मला त्याचा फोन आला. “चौधरी, इकडे ये. आक्का तुला ओळखतात. तू असलास तर येतील.”

मी स्कूटरवर वृद्धाश्रमात गेलो. आक्का खाटेवर बसलेल्या. डाव्या मनगटावर लाल वळ होता आणि खाटेच्या दांडीला जुन्या लुगड्याची चिंधी लोंबत होती. गावितनं ती नुकतीच सोडली होती. तिथली बाई काही वाईट नव्हती. बिचारी रडायच्या घाईला आली होती. “आम्ही दोघीच आहोत हो. ही सारखी गेटकडे पळते. किती जणांच्या मागे धावायचं?”

“तुमची चूक नाही, ताई,” गावित म्हणाला. मग त्यानं मधुकरला फोन लावला. मधुकर म्हणाला, “तुम्ही नेताय तर न्या. उद्या जड झाली तर मला सांगू नका.”

आम्ही तिघं एसटीनं धुळ्याला आलो. आक्का खिडकीशी बसल्या होत्या, खुशीत. मला म्हणाल्या, “तू आपल्या आळीतला ना रे? बरं झालं बाप्पा, घरी चाललो.” मला वाटलं, आठ दिवस. आठ दिवसांत गावितचं डोकं ठिकाणावर येईल.

त्याला आता तीन वर्षं झाली.

देवपुरातलं त्याचं घर दोन खोल्यांचं. पुढे लोखंडी जाळीची गॅलरी. आक्का सकाळी अंघोळ झाली की मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन गॅलरीत खुर्चीवर बसायच्या आणि जाळीला हात धरून विचारायच्या, “डायवर, गाडी कव्हा सुटन? मले घरी जाणं हाय.” एवढं मात्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं की हा ड्रायव्हर आहे. बाकी काही नाही.

“सुटेल आक्का. चहा घेऊ, मग सुटू.”

चहा व्हायचा. पाच मिनिटांनी पुन्हा, “गाडी कव्हा सुटन?” दिवसाकाठी हे किती वेळा व्हायचं ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यानं तीस वर्षं रस्त्यावर काढली, ज्याला सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरात बसवत नसे, तो आता भाजी आणायलाही समोरच्या सोनवणे वहिनींना हाक मारायचा. बाहेरच्या दाराला कुलूप आणि किल्ली याच्या खिशात. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. तासाभरात माझा जीव घुसमटायचा. एकच प्रश्न, एकच उत्तर, जाळीतून दिसणारी तीच समोरची भिंत. पाचची गाडी आहे असं सांगून मी सुटायचो. पाचला गाडी नसायची.

जेवताना आक्कांना हटकून पोरगी आठवायची. “माझी निर्मला त्या किरिस्ताव डायवरनं पळोली. चांगली पोर होती. त्याचं वाटोळं होईन, पाहजो तू.”

“होईल, आक्का. भाजी घ्या.”

“तू नको बापा असा करू कोणाच्या लेकीले.”

“नाही करणार.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. मी त्याला स्वयंपाकघरात ओढून म्हटलं, “अरे, एकदा सांगून टाक ना तिला, तो किरिस्ताव मीच म्हणून. आणि निर्मला गेली हेही सांग.”

गावित पातेलं घासत होता. “सांगितलं होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच आठवड्यात. मला खोटं बोलवेना. म्हटलं, आक्का, निर्मला आता नाही. चौधरी, त्यांनी जो हंबरडा फोडला… निर्मला गेली तेव्हा दवाखान्यात मीसुद्धा तसा रडलो नव्हतो. तासभर रडल्या. दमून झोपल्या. उठल्या आणि मला विचारलं, निर्मला कुठी गेली रे?”

“मग?”

“मग म्हटलं, शाळेत गेलीय. पाचला येईल.” पातेलं त्यानं पालथं घातलं. “पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा तेवढंच रडल्या असत्या. रोज पोरगी मरणार, रोज पहिल्यांदाच. त्यापेक्षा मी खोटा झालो तर काय बिघडलं?”

मग हात पुसत म्हणाला, “पण त्याचा एक त्रास आहे. दिवसभर तेच सांगून सांगून पाच वाजले की मीच दाराकडे बघतो.”

 परत येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की त्या घरात गावितला बायकोसाठी रडायचीसुद्धा सोय नव्हती. भिंतीवर निर्मलाचा फोटो होता, त्याला हार नव्हता. हार घातला तर आक्कांना कळलं असतं.

चर्च त्याच्या घरापासून दहा मिनिटांवर. रविवारी सकाळी घंटा घरात ऐकू यायची. पहिले काही रविवार तो आक्कांना घेऊन गेला. पण उपासना चालू असताना त्या उठून “गाडी सुटली, गाडी सुटली” म्हणून दाराकडे धावायला लागल्या, तेव्हा त्यानं जाणं सोडलं. गाण्याचा त्याला फार नाद. मंडळीत पहिल्या बाकावर बसून तो खड्या आवाजात गायचा म्हणे. आता भांडी घासताना गुणगुणायचा, तेही हळू, कारण आक्का मोठ्या आवाजाला दचकत.

त्यांच्या चर्चचे धर्मगुरू, पाळक साहेब, भला माणूस. प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ती झालेल्यांनीच घ्यायचा प्रसाद, घरी घेऊन यायचे. एकदा मी तिथंच होतो. कोपऱ्यात चटईवर बसलो होतो. पाळकांनी स्वच्छ कापड अंथरलं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाची छोटी वाटी मांडली, डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. गावितचेही डोळे मिटलेले. आक्का शेजारच्या खुर्चीवर. त्यांनी सहज हात लांब केला, तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. चावत म्हणाल्या, “मीठ नई घातलं.”

पाळकांनी डोळे उघडले आणि रिकाम्या कापडाकडे बघत राहिले. ज्या बाईनं पोरीनं ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून तिचं जिवंतपणी तेरावं घातलं, तिनं ते खाल्लं होतं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं पाप झालं. पाळकांचा चेहरा पडला. “गावित, हे… हे असं चालत नाही…”

“राहू द्या साहेब,” गावित म्हणाला. “माझ्या वाट्याचं त्यांना गेलं. मला पुढच्या वेळी द्या.”

पाळकांनी कापड पुन्हा सरळ केलं. मग त्यांनी पिशवीतून भाकरीचा दुसरा तुकडा काढला, पुन्हा पहिल्यापासून प्रार्थना म्हटली आणि त्याला दिला. जाताना त्यांनी आक्कांना नमस्कार केला. आक्का म्हणाल्या, “भटजी, सांभाळून जा.”

हे सगळं वाचून कोणाला वाटेल गावित संत होता. नव्हता. संतांबरोबर अकरा वर्षं नोकरी करता येत नाही. तो चिडायचा, अबोला धरायचा. आणि एकदा तो पळून गेला.

ते त्यानंच मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मार्च महिना होता. आक्कांनी सकाळपासून तीनदा कपडे खराब केले होते. चौथ्यांदा तो लुगडं बदलायला गेला तर त्या त्याच्या तोंडावर थुंकल्या आणि त्यांनी निर्मलाच्या नावानं शिवी दिली. त्याला दिलेल्या शिव्या त्यानं हजारदा ऐकल्या होत्या. ही निर्मलाला होती. “माझा हात वर गेला, चौधरी. इथपर्यंत.” त्यानं हात कानापर्यंत नेऊन दाखवला. “आक्कांनी डोळे मिटून मान आत घेतली, पोरगं घेतं तशी. मला माझीच भीती वाटली. मी दाराला कुलूप लावलं आणि निघालो.”

पांझरा नदीचा पूल ओलांडून तो स्टँडवर गेला. जळगावची गाडी लागलेली होती. तो चढला आणि मागच्या सीटवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर. कुठं जायचं ठरवलं नव्हतं. “गाडी हलली तेव्हा इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू. खिडकीतून वारा आला. मला वाटलं, आता असाच जात राहतो. कोणी मला विचारणार नाही. त्यांच्या पोराला फोन करीन, किल्ली सोनवणे वहिनींकडे पाठवीन. सगळं पटापट सुचत होतं.”

“मग?”

“फागण्याला उतरलो. धुळं सोडून अर्धा तासही झाला नव्हता.”

“का?”

त्यानं हात झटकला. “फार मोठं काही मनात आलं असं नाही. दूध गॅसवर ठेवलं होतं की नव्हतं, ते आठवेना.”

रस्ता ओलांडून तो परतीच्या गाडीची वाट बघत उभा राहिला. गाडी लवकर आली नाही. घरी पोचेपर्यंत दोन तास उलटले होते. गॅस बंद होता. आक्का दाराशी फरशीवर बसलेल्या, ओल्या. आतून दार ठोकून ठोकून दोन्ही तळहात लाल झाले होते. त्याला बघून त्या म्हणाल्या, “गाडी लेट झाली का रे?”

“हो आक्का. लेट झाली.”

तो त्यांचे तळहात कोमट पाण्यात धरून बसला. हे मला सांगताना त्यानं स्वतःचे तळहात उलटे करून पाहिले. “त्या वृद्धाश्रमातल्या ताईंनी तर नुसतं मनगट बांधलं होतं. मी त्यांना अख्ख्या घराला बांधून ठेवलं. माझ्यात नि त्यांच्यात फरक काय?”

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “फरक एवढाच की तू मूर्ख आहेस. तुझं तिच्याशी नातं काय? तिनं तुला कधी दारात उभं केलं नाही. आज तुझं नावसुद्धा तिला माहीत नाही. कोणासाठी करतोस हे? निर्मलानं सांगितलं होतं का?”

“नाही. ती काहीच सांगून गेली नाही.”

“मग?”

“मी देवाला ओळखत नव्हतो तेव्हापासून तो माझ्यावर प्रेम करतो, असं मला लहानपणी शिकवलं,” गावित म्हणाला. “मी ते खरं मानून बसलोय. मग आक्कांनी मला आधी ओळखावं, मग मी करीन, असं कोणत्या तोंडानं म्हणू?” आणि मग स्वतःलाच अवघडल्यासारखं होऊन म्हणाला, “आपली गाडी नाही का, प्रवासी नसले तरी सुटायची? रिकामी धुळ्याहून निघाली तरी वेळ झाली की निघाली. तसंच.”

मला ते पटलं नव्हतं. मी जळगावला मधुकरकडे गेलो. जरा कडक बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि पंधरा दिवसांनी एका शनिवारी खरंच देवपूरला आला. गावितनं हौसेनं मलाही बोलावलं होतं. आक्कांनी मधुकरला बघितलं मात्र, त्यांचा सगळा चेहरा उजळला. “मधू! माझा मधू आला!” एका झटक्यात ओळखलं. त्याचं तोंड कुरवाळलं. त्याला शेजारी बसवून स्वतःच्या ताटातला घास भरवला. आणि गावितकडे बोट दाखवून कानात बोलल्यासारखं मोठ्यानं म्हणाल्या, “हा डायवर माणूस बरा हाय, पन जेवाले देत नई.”

मधुकर ओक्साबोक्शी रडला. तासभर बसला. मग उठला. “मला नाही जमणार,” एवढंच म्हणाला. दारात चपला घालताना गावितचा हात धरून म्हणाला, “येतो, दाजी.”

तो गेल्यावर गावित लहान पोरासारखा माझ्याकडे वळला. “ऐकलंस? मला दाजी म्हणाला रे!”

मी संतापलो होतो. एका शब्दावर सुटला तो, असं मला वाटत होतं. पण गावितचा चेहरा बघून मी तोंड मिटलं. इतक्या वर्षांत त्या घरातल्या कोणी त्याला नात्यानं हाक मारली नव्हती. आत आक्का विचारत होत्या, “मधू कव्हा येणार रे? किती दिस झाले, आलाच नई.”

गेल्या हिवाळ्यात गावितच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नाशिकला जा, नळीत अडथळा आहे, लवकर करून घ्या. त्यानं दोन महिने टाळलं. सोनवणे वहिनींचा फोन आला, “चौधरी भाऊ, तुम्हीन या. हाऊ माणूस कोनं आयकत नही शे.” मी आणि माझी बायको सुमन, दोघं जाऊन राहिलो. तो नाशिकला भाच्याबरोबर गेला. निघताना त्यानं सुमनला सगळं समजावलं. पाणी किती कोमट, गोळी केळ्यात घालून कशी द्यायची, निर्मला विचारली तर काय सांगायचं.

आम्ही नऊ दिवस राहिलो. पहिल्याच दिवशी आक्का मला चावल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मी संडासात जाऊन नुसता बसून राहिलो, कारण त्या घरात आतून कडी लावता येईल अशी तेवढी एकच जागा होती. तेव्हा मला फागणे कळलं. मी असतो तर थेट भुसावळपर्यंत गेलो असतो आणि परत आलो नसतो. सुमन अंघोळ घालायची, मी फरशी पुसायचो, आणि आम्ही दोघं दिवसभर सांगायचो, शाळेत गेलीय, पाचला येईल. संध्याकाळी सुमन माझ्याशी बोलायची नाही, मी तिच्याशी बोलायचो नाही. बोलायला काही उरायचंच नाही.

आणि त्या नऊ दिवसांत आक्कांनी गावितची एकदाही आठवण काढली नाही. गाडी विचारली, निर्मला विचारली, मधू विचारला, चाळीस वर्षांपूर्वी मेलेली म्हैस विचारली. ड्रायव्हर कुठे गेला, हे विचारलं नाही.

तो परत आला तेव्हा निम्मा झाला होता. हातात औषधांची पिशवी. आक्का गॅलरीत होत्या. “कोन पाह्यजे?”

“ड्रायव्हर आहे, आक्का.”

“मंग बस.”

तो स्वयंपाकघरात आला. सुमन त्याला चहा करत होती. त्यानं कप घेतला, फुंकर मारली आणि कपाकडे बघतच विचारलं, “माझं काही विचारत होत्या का?”

इतक्या काळात त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, “विचारत होत्या तर काय. रोज. ड्रायव्हर कुठे, ड्रायव्हर कुठे. जीव खाल्ला आमचा.”

गावित हसला. “खोटं बोलताना तू कान खाजवतोस, चौधरी.”

सुमननं पाठ फिरवली. मी विचारलं, “वाईट वाटलं?”

“वाटलं,” तो म्हणाला. “वाटणारच.” चहा संपवला, कप विसळला आणि आक्कांचा भात कालवायला घेतला. डॉक्टरांनी त्याला वाकू नको, उचलू नको असं बजावलं होतं. आम्ही निघालो तोवर त्याचं दोन्ही करून झालं होतं.

मागच्या महिन्यात गेलो होतो, रविवार होता. आक्का आता चालत नाहीत. गाडीचंही विचारत नाहीत. बोलणं जवळपास संपलंय. पळून जाईल असं आता घरात कोणी नाही, म्हणून दार उघडंच असतं. वीज गेली होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. गावित खाटेशी जमिनीवर, भिंतीला टेकून बसला होता. आक्का कुशीवर झोपलेल्या. झोपेत त्यांनी त्याच्या सदऱ्याच्या बाहीचं टोक मुठीत धरलं होतं, इतकं घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. दुसऱ्या हातानं तो औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

मी शेजारी बसलो. “कधीपासून?” हळूच विचारलं.

“अकरापासून.”

दोन वाजून गेले होते. मी म्हटलं, “सोडव ना मूठ.”

“जागी होते. मग घाबरते.”

तो जेवला नव्हता. मी गावाकडची केळी नेली होती. एक सोलून त्याच्यापुढे धरलं. त्याला हात मोकळा नव्हता, म्हणून मीच भरवलं. दोन खाल्ली. तिसऱ्याला मान हलवली. मग आम्ही नुसते बसलो. अर्ध्या तासानं त्यानं डोळ्यांनीच मला खुणावलं, जा, गाडी चुकेल.

मी दारात चपला घातल्या आणि वळून पाहिलं. गावितला डुलकी लागली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावरून घाम ओघळत होता. पुठ्ठा मात्र हलत होता, आणि सगळा वारा तिच्याकडे जात होता.